‘ऑकवर्ड’ या शब्दाचे मी केलेले उपयोग

तुम्ही पहिले. याआधी ही गोष्ट माझ्या तोंडून कुणी ऐकलेली नाही — नवऱ्यानं नाही, मुलीनं नाही. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी बसून होते, तेव्हा त्यांनीही नाही. आणि हळहळायचं असेल तर इथेच थांबा. ‘जाऊ दे हो मॅडम, वयच तसं असतं’ हे वाक्य मला नको आहे. वय तसं नव्हतं. मी बीए झालेली, कमावती, सगळं कळणारी बाई होते.

मी इंग्लिश शिकवते. कोल्हापुरात गंगावेशीच्या मागे आमचं घर. त्या घराच्या पुढच्या खोलीत मी क्लास काढला, तेव्हा खुर्च्यासुद्धा नव्हत्या, सतरंजी होती. आता राजारामपुरीत मोठी जागा आहे, बोर्डावर माझा फोटो आहे, दोन माजी विद्यार्थी बाहेरच्या देशातून व्हिडिओ कॉल करून मुलांशी बोलतात. हे सगळं कशावर उभं राहिलं? माझ्या शिकवण्याच्या रीतीवर. मी शब्द पाठ करायला लावत नाही. मी माणूस दाखवते. सगळ्यांच्या ओळखीचा एखादा माणूस निवडायचा, त्याची नक्कल करायची, आणि मग शब्द सांगायचा. ‘ग्रीडी’ म्हणजे वाट्यांवर वाट्या पांढरा रस्सा ओढून ‘आज भूकच नव्हती’ म्हणणारे आमचे एक पाहुणे. ‘स्टबर्न’ म्हणजे वन-वेतून रिक्षा उलटीच आणणारा गल्लीतला रिक्षावाला. पोरं हसून लोळायची. हसलेलं पोरगं शब्द विसरत नाही — हे मी तेव्हाही म्हणायचे, आजही म्हणते.

आणि ‘ऑकवर्ड’ म्हणजे माझी आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानं शाळा सोडली आणि घर हातात घेतलं. पुढे आबांना अर्धांगाचा झटका आला, तेही तिच्याच हातात आले. परसात दोन म्हशी होत्या. संध्याकाळी लोक पेला घेऊन यायचे, ती त्यांच्यासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायची. अंगापिंडानं ही एवढी. घरातल्या प्रत्येक दाराची चौकट तिच्या कपाळाला ओळखत होती. हात मोठे. पाहुण्यांसमोर आली की त्या हातांचं काय करायचं ते तिला कळायचं नाही, मग कोरडेच हात पदराला पुसत राहायची. कुणी काही विचारलं की आधी मोठ्यानं हसायची, उत्तर नंतर. आणि चहाचा ट्रे! ट्रे धरला की तिची बोटं इतकी आवळली जायची की चमचे वाजत यायचे. आक्का दिसायच्या आधी चमचे ऐकू यायचे.

सोपी नक्कल होती. मी हजेरीची वही ट्रेसारखी धरायची, नसलेल्या चौकटीखाली वाकायची, कुणी काही विचारायच्या आतच खदाखदा हसायची आणि पदराला हात पुसायची. एवढ्यानं भागायचं. अख्खा वर्ग आडवा. मग मी फळ्यावर शब्द लिहायची. प्रत्येक नव्या बॅचला हा पाठ हवा असायचा — जुनी मुलं नव्यांना आधीच सांगून ठेवायची. स्वयंपाकघर आणि वर्ग यांच्यामध्ये काय होतं, माहीत आहे? एक पडदा. त्या पडद्यापलीकडे आक्का भाकरी थापत असायची.

मला वाईट वाटत होतं का? नाही. खरं सांगते, मजा येत होती. पन्नास पोरं तुमच्या एका हालचालीवर हसतात तेव्हा काय वाटतं, ते ज्यांना कधी हसवता आलं नाही त्यांना कळायचं नाही.

मग ती घागर घेऊन वर्गातून गेली की पोरं कुजबुजायला लागली — ‘ऑकवर्ड आली, ऑकवर्ड.’ एक दिवस तिनं मला विचारलंच. भांडी घासता घासता, अगदी सहज. “शोभे, ऑकवर्ड म्हंजे काय गं? पोरं मला बगून म्हंत्यात.”

मी काय सांगायला हवं होतं? तुम्ही काय सांगितलं असतं? मी सांगितलं, “ऑकवर्ड म्हणजे उठून दिसणारी. चारचौघींत वेगळी.”

“बरं की,” ती म्हणाली, आणि हातातली कढई घासायची थांबली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. आयुष्यात तिला कुणी उठून दिसणारी म्हटलं नव्हतं. त्यानंतर तो शब्द तिनं स्वतःला दागिन्यासारखा घालून घेतला. दुधाच्या गिऱ्हाइकांना सांगायची, आमी ऑकवर्ड मानसं. एक रेडकू लांब पायांचं निपजलं, त्याला कौतुकानं ऑकवर्ड म्हणायची. गिऱ्हाइकांतल्या चार शिकलेल्या लोकांना अर्थ माहीत होता. ते माझ्याकडे बघायचे, मी दुसरीकडे बघायची.

या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो मी वर्गात नुसता तोंडी सांगायचे, नक्कल न करता. आकारामुळे किंवा वजनाच्या तऱ्हेमुळे जे उचलायला, धरायला अवघड जातं, त्यालाही इंग्लिशमध्ये ऑकवर्ड म्हणतात. जिन्यातून न्यायचं कपाट, तसं. आमच्या घरात तसे आबा होते. अर्धं अंग साथ देणारं, अर्धं लोंबणारं. रोज सकाळी आक्का त्यांना खाटेवरून उचलून परसातल्या न्हाणीत न्यायची. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागे, आबांची मान तिच्या खांद्यावर — आणि चालता चालता त्यांना म्हशीच्या तब्येतीची बातमी. चौकटीशी ती बरोबर वाकायची. तेव्हा कपाळ कधी आपटलं नाही, तेव्हा हातांचं काय करायचं हा प्रश्न तिला कधी पडला नाही. तिला ताप होता तेव्हा एकदा मी आबांना उचलायला गेले. दोन पावलांत आम्ही दोघं भिंतीवर आदळलो आणि आबांचं कोपर सोलवटलं. त्यानंतर मी पुन्हा हात लावला नाही. क्लास आहे, हे कारण मला कायमच होतं.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

कागलचं स्थळ आलं. मुलाचं नाव विलास. स्वतःचा ऊस, गोठ्यात म्हशी, वय थोडं पुढे गेलेलं — आक्काचंही गेलंच होतं. आई, मध्यस्थ आणि तो, असे तिघं आले. रविवार होता, वर्ग बंद. चमचे वाजले, आक्का आली. आणि विलास उठून उभा राहिला, ट्रे घ्यायला दोन पावलं पुढे गेला आणि मधल्या चौकटीवर त्याचं डोकं असं आपटलं की आबांनी खाटेवरून ‘आई गं’ म्हटलं. तो हसायला लागला. ती हसायला लागली. दोघंही कुणी काही विचारायच्या आत.

चहा झाल्यावर तो म्हणाला, म्हशी बघायच्या हायत. मध्यस्थाला वाटलं चेष्टा आहे, पण हा खरंच परसात गेला. मी खिडकीतून बघत होते. त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, काहीतरी विचारलं, आणि आक्का बोलायला लागली. हात पदराकडे जात नव्हते. ती हसली तेही निराळंच हसली — त्याची नक्कल मी कधी केली नव्हती, कारण ते हसू मी पाहिलंच नव्हतं. हे लग्न होणार, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं. तिच्याही आधी.

मला आनंद झाला नाही. आबांना कोण उचलणार? सकाळचे वर्ग कोण घेणार? डोळ्यांसमोर न्हाणीचा ओला दगड आला आणि त्याच्यापुढे मी.

ती दोघं आत आली. आक्काचा चेहरा फुललेला. विलासची आई खूश दिसत होती, पोरगी कामाची हाय, मनमोकळी हाय, असं मध्यस्थाला म्हणालीही. आणि आक्कानं — त्या आनंदात, मला मोठेपणा द्यायचा म्हणून — माझ्याकडे बोट केलं. “आमची शोभी विंग्रजी शिकवती. ती म्हंती, मी ऑकवर्ड हाय.”

“म्हंजे वो काय, म्याडम?” विलासच्या आईनं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आक्कासुद्धा. ती तर वाट बघत होती — तेच दोन शब्द पुन्हा ऐकायची, पाहुण्यांसमोर. उठून दिसणारी. चारचौघींत वेगळी. ते उत्तर माझ्याकडे तयार होतं, तिला तर ते किती दिवस पुरवत होते मी! त्या दिवशी ते खोटं पुन्हा बोलले असते तर ते पुण्य ठरलं असतं. मी खरं बोलले. वर्गात बोलते त्या आवाजात, स्वच्छ, शेवटच्या रांगेत ऐकू जाईल असं. “म्हणजे बेढब. जिला चार माणसांत वागायचं-वावरायचं कळत नाही, अशी बाई.”

आक्का हसली नाही. पहिल्यांदाच आधी हसली नाही. तिनं कप गोळा केले, ट्रे उचलला आणि आत गेली. चमचे वाजले नाहीत.

मध्यस्थाकडून निरोप आला. मुलाची आई म्हणतेय, घरचंच मानूस असं सांगतंय म्हटल्यावर काहीतरी असणार. संपलं. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. गल्लीत, नात्यात सगळ्यांना हा किस्सा माहीत आहे, आणि सगळ्यांनी माझ्या वतीनं त्याचा अर्थही लावून टाकला — शोभा मॅडम शिक्षिका, शब्दाचा अर्थ विचारला की पटकन खरं निघून जातं तोंडातून. मीही तसंच म्हणत आले. जीभ घसरली. जीभ घसरली नव्हती. जीभ जिथे ठेवायची तिथे मी ती नेमकी ठेवली होती.

आक्का? दुसऱ्या दिवशी वर्गाला चहा वेळेवर आला. तिनं मला एक शब्द विचारला नाही. मी नक्कल बंद केली — त्यातही मोठेपणा घेऊ नये, आता त्यावर हसवायला मला भीती वाटत होती, एवढंच. तो शब्द मात्र तिनं सोडला नाही. अजूनही म्हणते, आमी ऑकवर्ड मानसं. आता अर्थ माहीत असून म्हणते. माझ्याकडे बघूनही म्हणते.

एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. हे तर चारचौघांना ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात, दुपारच्या आधी, दारात मोटरसायकल थांबली. विलास. एकटा. हातात कवड्यांची माळ होती, म्हशीच्या गळ्यात घालतात ती — दिवाळी पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून मिरवायला नेतात, तेव्हाची. मी दारातच उभी राहिले, पाट्यावरची चटणी लागलेला हात चौकटीला टेकवून. मागे न्हाणीत पाण्याचा आवाज येत होता. आक्का आबांना अंघोळ घालत होती आणि साबण डोळ्यांत गेला म्हणून आबा शिव्या देत होते. त्याला ते सगळं ऐकू येत होतं. तो त्या आवाजाकडे कान देऊन थोडा हसलासुद्धा.

“आईचं मी बगतो,” तो म्हणाला. “तुमच्या आक्कास्नी एकदा इचारायचं हाय. जरा बोलिवता का?”

मी चौकटीवरचा हात काढला नाही. त्याला वाटलं मी कशाला अडलेय ते त्याला कळलं. “आबांची काळजी करू नका,” तो म्हणाला. “त्यास्नी बी आमच्याकडंच न्हेऊ की. गोठ्याला लागून मोठी खोली हाय.”

ऐकलंत? आबांना नेणार होता. न्हाणीचा दगड, सकाळचे वर्ग, माझं मोडणारं करिअर — माझी सगळी कारणं त्या माणसानं दारात उभं राहून एका वाक्यात उचलून बाजूला ठेवली. आता माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. आणि तरी मी बाजूला झाले नाही.

का? तुम्हाला खरं हवंय ना? माझ्यासाठी कुणी असं परत आलं नव्हतं. मी शिकलेली, मी दिसायला बरी, मी चार लोकांत बोलणारी. मला बघायला येऊन गेलेल्यांनी निरोप पाठवले, स्वतः कुणी आलं नाही. आणि वर्गाला हसवायला जिला मी वापरलं, तिच्यासाठी हा माणूस आईशी भांडून, कवड्यांची माळ घेऊन दारात उभा होता. मला ते सहन झालं नाही. याला मत्सर म्हणतात. त्यासाठी इंग्लिश शब्द लागत नाही.

मी त्याला म्हणाले, “असं एकट्यानं येणं बरं दिसत नाही. सगळ्यांनाच ऑकवर्ड होईल.”

शहरात हा शब्द आता सगळे असाच वापरतात, नाही का? नको असेल ते टाळायला. कुणाला फोन करायचा नसेल, कुणाची माफी मागायची नसेल, म्हाताऱ्या मावशीला हॉटेलात न्यायचं नसेल — ऑकवर्ड होईल. कोल्हापुरात हा उपयोग पहिल्यांदा मीच केला असं म्हणायला हरकत नाही.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. “त्यो शबूद कळलाय मला आता,” तो म्हणाला. माळ त्यानं दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवली, म्हशीला घाला म्हणाला, आणि गाडी वळवली. आक्कानं आतून विचारलं, कोन आलंतं गं? मी म्हणाले, पत्ता विचारत होता कुणीतरी.

पुढचं थोडक्यात. विलासचं लग्न झालं, बरं चाललंय असं ऐकते. आबा आक्काच्या हातांवरच गेले. नंतर माझं लग्न झालं, त्यात जेवणावळीपासून पाठवणीपर्यंत आक्काच धावत होती. ती अजून त्याच घरात असते. बिचारी वगैरे म्हणायचं कारण नाही, तिला कुणी तसं म्हटलं तर ती पेला हातातून काढून घेईल. तिच्या गोठ्यात आता चार म्हशी आहेत आणि तिची धार प्यायला लोक गाड्या लांब लावून चालत येतात. तिचं आयुष्य मोडलं नाही. मी त्यातलं एक दार लावलं, आणि ते तिला कळू दिलं नाही. दोन्ही खरं आहे. पहिलं खरं आहे म्हणून दुसरं हलकं होत नाही.

लोक क्लासच्या कार्यक्रमात बोलतात, मॅडमनी बहिणीला कधी अंतर दिलं नाही. मी शाल घेते आणि खाली बसते. आक्का पहिल्या रांगेत असते, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिची एकटीची चालू असते.

मग आजच का सांगते? गेल्या महिन्यात माझी मुलगी जुई म्हणाली, “ममा, बड्डेला मावशीला नको ना बोलवू. माझ्या फ्रेंड्ससमोर ऑकवर्ड होतं.” मी तिला रागावले नाही. कुठल्या तोंडानं रागावणार होते? माझ्याच वर्गात ती शब्द शिकली. मी आक्काला बोलावलं. तिनं येताना डबाभर खरवस आणला, चौकटीला कपाळ आपटलं, हसली, आणि मुलींनी त्या खरवसावर झडप घातली. जुई बघत राहिली. मी भांडी घासायला आत गेले.

हे छापून येईल तो अंक मी स्वतः आक्काला नेऊन देणार आहे. माझं नाव छापलेलं काहीही ती वाचते, ओळीखाली बोट धरून, सावकाश, शेवटपर्यंत. पाडव्याला देईन. म्हशी तेव्हा सजलेल्या असतील, शिंगं रंगवलेली असतील, आणि मोठीच्या गळ्यात ती कवड्यांची माळ असेल. दरवर्षी आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगते, ही माळ आमच्या शोभीनं आणली. कवड्या निखळल्या की दोरा बदलून पुन्हा ओवते. मी तेव्हा शेजारी उभी असते, आणि आजपर्यंत मान हलवत आले आहे.

आक्का, बोट इथं आलं असेल तर ऐक. ती माळ मी आणलेली नाही. विलासनं आणली होती. तो तुला विचारायला परत आला होता, तू आबांना अंघोळ घालत होतीस, आणि दारात मी उभी होते.